दोन रिकामे बाइट

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची रांग होय; प्रत्येक कप्प्यात एक बाइट. चार बाइटांची संख्या चाराने भाग जाणाऱ्या क्रमांकापासून ठेवावी, या शिस्तीस संरेखन म्हणतात. (शब्द जड खरा, परंतु याहून नेमका आम्हांस सापडला नाही.) शिस्त मोडली तरी इंटेलचे प्रोसेसर बहुधा निभावून नेतात. स्पार्क प्रोसेसर काम अडवून कर्नलकडे तक्रार करतो. जुने एआरएम प्रोसेसर मात्र निमूटपणे, बाइटांची फिरवाफिरव झालेली चुकीची संख्या हाती देऊ शकत!

लिनक्स कर्नलमधील एक उदाहरण पाहावे. नेटवर्कवरून येणाऱ्या पॅकेटात इथरनेटचा शीर्षभाग 14 बाइटांचा असतो. त्यामागून येणारा आयपीचा शीर्षभाग साहजिकच चाराच्या पटीवर पडत नाही, आणि त्यातील पत्ते वाचताना शिस्त मोडते. तक्रार आली की कर्नलने ती संख्या तुकड्यातुकड्यांनी वाचून द्यावी, हा एक उपाय. यंत्र चालते, पण दर पॅकेटागणिक वेळेचा दंड पडतो आणि मूळ चूक झाकली जाते. ती करणारा आपल्या इंटेलच्या यंत्रावर निर्धास्त असतो. भोवते ती दुसऱ्याच्या राउटरला. म्हणून ड्रायव्हर लिहिणारानेच पॅकेट उतरवून घेण्यापूर्वी आरंभी दोन बाइट रिकामे सोडावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. 14 चे 16 झाले की तंटा मिटतो. काही उपकरणांना अशा सरकवलेल्या जागी लिहिताच येत नाही. तेथे पॅकेटाची नक्कल करून घ्यावी लागते, आणि तो भुर्दंड नाइलाजाचा.