रिकाम्या वाटेवरच्या पादुका

आषाढ शुद्ध दशमीला, ३० जून २०२० रोजी, तुकोबांच्या पादुका देहूहून एसटीच्या सजवलेल्या गाडीतून पंढरपूरला निघाल्या. सोबत मोजके वीस वारकरी. यवत, बारामती, इंदापूर, अकलूज या मुक्कामांच्या गावांत एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी तेथली वाट रिकामी होती. पंढरपुरात संचारबंदी होती. पुढच्या वर्षीही पादुका गाडीनेच गेल्या. त्या दोन वर्षांत कित्येक घरांतली कर्ती माणसे गेली. आप्तांना त्यांचे अंत्यदर्शनही घडले नाही. सांजवात कधी न चुकवलेल्या माणसांच्या तोंडूनही तेव्हा निघून गेले, ‘देव आहे, तर मग आहे कुठे?’

हा प्रश्न नास्तिकपणाचा ठरवून झिडकारणे सोपे आहे. पूर्वकर्माचा हिशेब मांडून शोकाकुल माणसाला गप्प करणे त्याहून सोपे, आणि अधिक निर्दय. ज्यांच्या पादुका त्या गाडीत होत्या, त्यांनी स्वतः आपल्या देवाला याहून धारदार शब्दांत जाब विचारला होता, हे धर्मनिष्ठ म्हणवणाऱ्यांनी विसरू नये.

१६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरातेत जो दुष्काळ पडला, तो शाहजहानच्या दरबारी इतिहासातही नोंदला गेला आहे. देहूचे एक सुस्थितीतले वाण्याचे घर त्यात बुडाले. व्यापार बसला, पत गेली, आणि पहिली पत्नी अन्नावाचून गेली. तुकोबांनी हे आपल्याच अभंगात सांगून ठेवले आहे. त्यात दुःखाइतकीच लाजही आहे. ऐन तारुण्यातल्या माणसावर कोसळलेला हा घाला. या काळात देवाने त्यांना दर्शन देऊन धीर दिला, असे ते म्हणत नाहीत. ते एवढेच सांगतात, की देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले. आपले घर सावरलेले नसताना त्यांनी देवाच्या घराची डागडुजी काढली! परंपरा असेही सांगते, की घरातली कर्जखते काढून त्यांनी धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. उपाशी वर्षांत लोकांकडे येणे असलेल्या सावकाराने हे करावे, याचे मोल आकड्यात मांडता येणार नाही.

पुढे त्याच इंद्रायणीत त्यांच्या अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. ही कथा कीर्तनात रंगते ती वह्या कोरड्या वर आल्या या प्रसंगापाशी. टाळ्या तेथेच पडतात. आपल्या भक्तीला चमत्काराची फार घाई असते. नवस फेडण्याची तारीख आधी ठरवून मग नवस बोलणारा समाज त्या आधीचे तेरा दिवस भराभर उरकून टाकतो. वास्तविक कथेचा प्राण त्या तेरा दिवसांत आहे. आयुष्यभराची वाणी पाण्याखाली, गावात निंदा, देवळासमोरची शिळा आणि समोर काहीही न बोलणारा देव! चौदावा दिवस उजाडणार आहे, हे शिळेवर बसलेल्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असते तर त्या बसण्याला विश्वास म्हणता आले नसते, ती वाट पाहण्याची निव्वळ मुदत ठरली असती. आणि ते बसणे मुकाट्याचेही नव्हते. रुसवा, भांडण, देवाला निष्ठुर ठरवणे, हे सारे तुकोबांच्या गाथेत आहे. मात्र भांडण झाले ते त्याच दारात बसून. दार त्यांनी सोडले नाही.

१६५० मध्ये तुकोबा गेले, तेव्हा त्यांचे धाकटे पुत्र नारायणबाबा जन्मलेही नव्हते, असे परंपरा मानते. ज्याने बापाचा चेहरा कधी पाहिला नाही, त्या मुलाने १६८५ मध्ये बापाच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली. तो काळ कोणता? छत्रपती शिवराय जाऊन पाच वर्षे झाली होती, औरंगजेब सारी फौज घेऊन दख्खनेत उतरला होता आणि त्याच वर्षी विजापूरला वेढा पडला. सामान्य माणसाने घराबाहेर पडू नये, असे ते दिवस. पालखी सोहळा सुरू झाला तो अशा वर्षी, आणि पालखीत ठेवले काय, तर पादुका. म्हणजे निघून गेलेल्या पावलांची खूण. न दिसणाऱ्याला खांद्यावर घेऊन चालण्याची रीत नारायणबाबांनी घालून दिली.

पंधरा-वीस दिवस उन्हापावसात चालून पंढरीला पोहोचलेल्यांपैकी बहुतेकांना एकादशीला विठ्ठल दिसतच नाही. दर्शनाची रांग कित्येक तासांची. पेरणी टाकून आलेल्या शेतकऱ्याला तेवढी सवड नसते. तो चंद्रभागेत स्नान करतो, दुरून कळसाला हात जोडतो आणि माघारी फिरतो. ‘भेट झाली का?’ असे घरी कोणी विचारले, तर ‘झाली’ म्हणून सांगतो.

जून २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या. दिंड्यांत काही जागा रिकाम्या होत्या. कोणाचा वीणेकरी गेला होता, कोणाची तुळस डोक्यावर घेणारी सासू. देहूच्या देऊळवाड्यातून पादुका बाहेर आल्या, टाळ वाजू लागले, आणि त्या वीणेला व त्या तुळशीला दुसरे हात लागले.