पाकिटावरचे ‘५ ते ९’

गेल्या दोन महिन्यांत बीअरच्या कडवटपणाविषयी आलेली पत्रे काल एका बैठकीत वाचून काढली. पुण्याची आहेत, ठाण्याची आहेत, पण सर्वांत जास्त चंदीगड आणि मोहाली-पंचकुला पट्ट्यातून आलेली आहेत. प्रश्न बहुतेकांचा एकच: बीअरस्मिथ सॉफ्टवेअरमध्ये टिन्सेथचे सूत्र ठेवू की रेजरचे? ब्रूफादर ४० आयबीयू (कडवटपणाचे एकक) दाखवतो, ग्लासात तेवढे लागत नाहीत, मग सूत्र बदलू का?

सूत्र बदलून काही साधणार नाही. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकून चंदीगडला गेलेल्या एका वाचकाने पत्रासोबत हॉप्सच्या पाकिटाचा फोटो जोडला आहे. उत्तर त्या फोटोतच आहे. शंभर ग्रॅमची झिपची पिशवी, वर छापील लेबल: कॅस्केड, पेलेट्स, ‘अल्फा ५ ते ९ टक्के’, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या आम्लांचे प्रमाण. पीक कोणत्या वर्षाचे, लॉट कोणता, चाचणी कधी झाली, याबद्दल एक अक्षर नाही. वापराची मुदत तेवढी दिली आहे आणि तीही पिशवी भरल्याच्या तारखेपासून मोजलेली.

आता हिशोब करा. २० लिटरची पायलट बॅच, ओजी १.०५०, ५० ग्रॅम कॅस्केड, ६० मिनिटे उकळी. टिन्सेथप्रमाणे युटिलायझेशन २३ टक्के येते. अल्फा ५ धरला तर २९ आयबीयू, ९ धरला तर ५२. पिशवी तीच, सूत्र तेच, केटल तीच. मधला ७ धरला की ४० येतात, आणि पत्रापत्रांतून भेटणारे ४० ते हेच. रेजर लावला तर त्याच ७ टक्क्यांवर ५४ येतील. टिन्सेथ-रेजरमधला हा फरक लहान नाही, पण तो ठरलेला आहे. ६० मिनिटांच्या भरणीला तो दर वेळी त्याच दिशेने, जवळपास तेवढाच पडतो. तीन-चार बॅचेसमध्ये आपली केटल आपल्याला कळते. टिन्सेथच्या सूत्रातला ४.१५ हा आकडा ज्याने त्याने आपल्या केटलला जुळवून घ्यायचा, हे सूत्र देणाऱ्यानेच सांगून ठेवले आहे. पिशवीवरच्या ‘५ ते ९’ला मात्र कशानेही जुळवून घेता येत नाही, कारण पुढच्या पिशवीत काय असेल हे कोणालाच ठाऊक नसते.

मला सर्वांत जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. हा आकडा अस्तित्वात होता. पेलेट्स परदेशातून नायट्रोजन भरलेल्या पाच किलोच्या फॉइल पॅकमध्ये येतात आणि त्या पॅकवर वाण, पीकवर्ष, लॉट नंबर आणि त्या लॉटचा तपासलेला अल्फा दशांशासह छापलेला असतो. इथे कोणीतरी तो पॅक कापतो, झिपच्या पिशव्या भरतो आणि फॉइल कचऱ्यात टाकतो. फॉइलबरोबर आकडाही जातो आणि नायट्रोजनही. मी स्वतः अशा एका पुरवठादाराला फोन केला. त्याने सांगितले, ‘साहेब, प्रत्येक लॉटचा अल्फा वेगळा असतो, म्हणूनच तर रेंज देतो.’ अहो, लॉटगणिक वेगळा असतो म्हणूनच तर त्या लॉटचा आकडा हवा!

नायट्रोजन गेल्याचा परिणाम मेमध्ये दिसतो. कॅस्केड हा साठवणुकीला नाजूक वाण. २० अंशांवर सहा महिने उघडा राहिला तर त्यातला जवळपास निम्मा अल्फा संपतो. त्याच अवस्थेत मॅग्नमचा ८० टक्क्यांहून अधिक टिकतो. तापमान १५ अंशांनी चढले की ऱ्हासाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा हॉप्सवर लिहिणाऱ्या गॅरेट्झचा ठोकताळा आहे. चंदीगडला मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. विनाएसी गोदामात, पत्र्याखाली महिनाभर पडलेल्या झिपच्या पिशवीतला ‘७ टक्के’ प्रत्यक्षात किती उरला असेल? सॉफ्टवेअरमध्ये हॉप्सचे वय आणि साठवणुकीचे तापमान भरायची सोय आहे, पण पीकवर्षच माहीत नसेल तर त्या रकान्यात भरायचे काय?

खाद्यपदार्थाच्या बंद पाकिटावर बॅच किंवा लॉट नंबर हवाच, हे एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत स्पष्ट आहे. ब्रुअरीच्या दारात आलेल्या हॉप्सची पिशवी मात्र कोणी अधिकारी उलटून पाहत नाही. अबकारीचे निरीक्षक येतात ते लिटर आणि अल्कोहोलचे प्रमाण तपासायला. माल्टच्या पोत्यापासून टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत सगळ्याची नोंद मागणाऱ्या खात्यांना, ज्यावर बीअरची चव उभी असते त्या जिनसाची ओळख नोंदवावी असे वाटत नाही. हे बदलले पाहिजे.

मात्र सगळा दोष पुरवठादाराच्या माथी मारून आपण सुटत नाही. गेल्या मेमध्ये चंदीगडच्याच एका ब्रुअरीत मी दिवसभर उभा होतो. ५०० लिटरची बॅच. गॅस बंद झाल्यावर एक किलो हॉप्स टाकले, १२ टक्के अल्फाचे, आणि रेसिपीत नोंद झाली ‘० मिनिटे’. टिन्सेथमध्ये शून्य मिनिटांचे शून्य आयबीयू येतात. मग व्हर्लपूल फिरला, ट्रब बसू दिला, प्लेट चिलरला पाणी सुरू केले. गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देत होते. वर्ट फर्मेंटरला जायची गती इतकी मंदावली की शेवटचे शंभर लिटर निघेपर्यंत मी घड्याळात ४० मिनिटे मोजली आणि तोवर केटलचा थर्मामीटर ९० च्या आसपासच होता. मालोविकी आणि शेलहॅमर यांनी २००५ मध्ये आयसोमरायझेशनचा, म्हणजे अल्फाचे कडू आयसो-अल्फात रूपांतर होण्याचा, वेग मोजून प्रसिद्ध केला. त्यानुसार ९० अंशांवरचा वेग १०० अंशांच्या साधारण ४० टक्के पडतो. म्हणजे ती ४० मिनिटे सुमारे १६ मिनिटांच्या उकळीइतकी झाली. १.०५० च्या वर्टमध्ये त्या एका किलोने सुमारे २९ आयबीयूची भर घातली असणार, आणि कागदावर शून्य. तिथल्या ब्रुअरची तक्रार होती की हिवाळ्यात हीच रेसिपी गोड लागते आणि उन्हाळ्यात घशाला खरखरते. त्याने दोन वर्षे हॉप्सचे वाण बदलून पाहिले. व्हर्लपूल सुरू झाल्यापासून शेवटचा लिटर निघेपर्यंतची वेळ आणि तापमान त्याने एकदाही लिहिले नव्हते.

उकळीचेही तसेच आहे. चंदीगड सव्वातीनशे मीटरवर, पाणी ९९ च्या किंचित खाली उकळते. पुणे ५६० मीटरवर, तिथे ९८. चंदीगडला आयसोमरायझेशनचा वेग दहाएक टक्क्यांनी घटतो, पुण्यात पंधराएक. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाल्यापासून आपण मायक्रोब्रुअरी चालवतो आहोत, तरी बहुतेकांच्या इक्विपमेंट प्रोफाइलमध्ये समुद्रसपाटी भरलेली असते. चंदीगडहून वर कसौलीला जा, जिथे एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायरने ब्रुअरी उभारली. तिथे उकळी ९४ च्या आसपास येते. आणखी वर लाहौल खोऱ्यात, जिथे १९७० च्या दशकापासून आपल्या देशातले हॉप्स पिकतात, केलांगला पाणी ९० वरच उकळते. तिथे हॉप्स शेतातून थेट केटलमध्ये आले तरी आयसोमरायझेशनचा वेग आपल्याकडच्या अर्ध्याहून कमीच राहणार.

एक स्पष्ट करतो, कारण पत्रलेखकांत हौशी मंडळीही आहेत. घरी बीअर बनवायची मुभा महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा देत नाही, आणि चंदीगडला लागू असलेल्या १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातही परवान्याशिवाय उत्पादन करता येत नाही. इथले सगळे बोलणे परवानाधारक जागेतल्या पायलट बॅचसाठी आहे.

मंडळी, आता पत्रे पुरे, काम करा. ज्या पिशवीवर पीकवर्ष, लॉट नंबर आणि त्या लॉटचा एकच अल्फा आकडा नाही, ती परत पाठवा. बिल चुकते करू नका. एकट्याने पाच किलोचा पॅक घेणे परवडत नसेल तर शेजारच्या दोन ब्रुअरींना सोबत घ्या, पॅक तुमच्यासमोर उघडा, व्हॅक्यूम करून फ्रीझरमध्ये वाटून ठेवा आणि मूळ लेबलचा फोटो तिघांकडे असू द्या. चंदीगड-मोहाली-पंचकुल्यात हे एका दुपारचे काम आहे.

आणि मोजा. आयबीयू मोजायला परदेशी यंत्र लागत नाही. जवळच्या कोणत्याही फार्मसी कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. १० मिली बीअर, १ मिली ३ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, २० मिली आयसो-ऑक्टेन, १५ मिनिटे शेकरवर, मग सेंट्रिफ्यूज. वरचा थर क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये घेऊन २७५ नॅनोमीटरवर वाचा आणि आलेल्या आकड्याला ५० ने गुणा. गॅस काढताना फेस सांडू देऊ नका, आयसो-अल्फा फेसातच चढून बसतात. फेस मारायला ऑक्टिल अल्कोहोलचा एक थेंब पुरतो. ड्राय हॉप केलेल्या बीअरमध्ये ह्युम्युलिनोनमुळे वाचन भरकटते, म्हणून सुरुवात साध्या पेल एलपासून करा. विभागप्रमुखांना भेटा, सॉल्व्हंटचा खर्च तुम्ही द्या, विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळेल.

एकाच रेसिपीच्या तीन बॅचेस मोजल्यात की सॉफ्टवेअरचा आकडा आणि मोजलेला आकडा यांचे गुणोत्तर हाती येते. ते तुमच्या केटलचे गुणोत्तर, ते प्रोफाइलमध्ये भरा. ते आमच्याकडेही पाठवा आणि पाठवताना सोबत चार गोष्टी लिहा: हॉप्सचा लॉट, उकळीचे तापमान, केटलमध्ये उरलेले लिटर आणि व्हर्लपूलची मिनिटे. ज्यांच्याकडे यंत्राची सोय होत नाही त्यांनी निदान पिशव्यांचे फोटो पाठवावेत, पुढून आणि मागून. ज्या लेबलवर ‘५ ते ९’ असेल तेही पाठवा. कोणते लेबल पूर्ण आणि कोणते अपुरे, हे आम्ही पुढच्या अंकापासून दर महिन्याला छापणार आहोत.

उत्तर गोलार्धातले नवे पीक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उतरते, लाहौलचेही तेव्हाच. नव्या हंगामाच्या ऑर्डरी त्याच सुमारास लागतील. आपल्या ऑर्डरच्या कागदावर लॉट नंबराची अट या वेळी लेखी टाका.