डब्याची बाजू

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी स्वस्त कॅबिनेटच्या पक्षाचा माणूस आहे. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा तो डबा. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम ही सगळी कर्ती मंडळी आत राबत असतात. डबा स्वतः दोन आणि दोन यांची बेरीजसुद्धा करत नाही. तरीही सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचा बेत घरात शिजू लागला, की पहिली चर्चा डब्याची! मुंजीत बटूपेक्षा मांडवाचीच चौकशी जास्त व्हावी, तसला हा प्रकार.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या वडिलांनी त्याला ६०,००० रुपये मंजूर केले. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम एकदाच मंजूर होते आणि पुढली पाच वर्षं ऐकवली जाते. चिरंजीवांनी यादी केली. त्यात कॅबिनेट ९,००० रुपयांचं. दोन बाजूंनी काच आणि पंख्यांत गणपतीच्या मांडवाला लाजवतील असे दिवे.

"अरे, २,५०० मध्ये मिळतं की!"

"मामा, ते पत्र्याचे डबे असतात!"

"मग हे कशाचं?"

"हेही पत्र्याचंच. पण काच आहे ना!"

"बरं, आणि एसएमपीएस? आतल्या सगळ्यांना वीज देणारा तो?"

"तो कुठला तरी घेऊ. तो कुठं दिसतो?"

आता तुम्हीच सांगा, याला नाकापेक्षा मोती जड म्हणायचं नाही तर काय?

काचवाल्यांचा पहिला मुद्दा असा, की भारी सामान स्वस्त डब्यात नीट बसत नाही. अहो, का नाही बसणार? इंटेलने १९९५ साली 'एटीएक्स' नावाचं माप ठरवून दिलं. स्क्रूची भोकं कुठे असावीत, इथपर्यंत त्यात नेमून दिलेलं आहे, आणि ते माप आजही चालतं. लांबलचक ग्राफिक्स कार्ड स्वस्त डब्यात अडकू शकतं, हे खरं. पण कपाट घेताना आपण दाराची रुंदी मोजतोच ना? तसंच कार्ड मोजावं. त्याला टेप लागते, ९,००० रुपये लागत नाहीत.

दुसरा मुद्दा उष्णतेचा, आणि हा खरोखरच वजनदार आहे. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या घरात गेले, की जीव वाचवायला आपणहून काम हळू करतात. पण गंमत अशी, की प्रोसेसरला डब्याची किंमत कळत नाही, त्याला हवा कळते. पुढे जाळी, हवा आत ओढणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा आणि मागे ती बाहेर फेकणारा दुसरा, एवढ्यावर सर्वसाधारण कॉम्प्युटरचा संसार सुखाने चालतो. उलट पुढून काचेने बंद केलेला महागडा डबा म्हणजे खिडकी नसलेलं स्वयंपाकघर. फरशी इटालियन असली तरी घाम तो घामच! दिवे लावून हवा थंड होते, असा शोध अजून तरी लागलेला नाही.

स्वस्त पत्रा पातळ असतो, कधी थरथरतो, कडेला बोटही कापतं. कबूल. धुळीची जाळी नसेल तर महिन्या-दोन महिन्यांनी ब्रश फिरवावा लागतो. तेही कबूल. आणि ज्याला चुलीसारखं धगधगणारं ग्राफिक्स कार्ड बसवायचं आहे, त्याने ऐसपैस, हवेशीर कॅबिनेट खुशाल घ्यावं. पण आमच्या भाच्यासारख्यांनी?

एका ठिकाणी मात्र मी काचवाल्यांच्याही पुढे जाऊन ओरडेन. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, काय किंवा तुमच्या गावच्या दुकानात काय, "साहेब, एसएमपीएस आतच आहे, फुकट!" असं कोणी म्हणालं, तर नमस्कार करून पुढे व्हावं. डबा वाईट निघाला तर फार तर खडखडेल. एसएमपीएस वाईट निघाला तर जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन जाऊ शकतो. त्यावर ४५० वॅट असं छापलेलं असतं खरं; पण छापायला वीज लागत नाही.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. डब्यावर वाचलेल्या ६,५०० रुपयांतून आधी नावाजलेल्या कंपनीचा, हमीपत्र असलेला एसएमपीएस घ्यावा आणि उरलेलं रॅमला द्यावं. डबा साधा असावा, जाळीचा असावा आणि टेबलाखाली असावा.

काचेतून आतलं सगळं दिसतं, हे मी नाकारत नाही. पण आत घालायचे पैसे काचेतच गेले, तर दिसणार काय?