सायकल परत, मुलगाही परत

मुलांनो, ‘मोठेपणी कोण होणार?’ असं विचारलं की डॉक्टर, इंजिनिअर, पायलट अशी उत्तरं धडाधड येतात. ‘मी सरकारी वकील होणार’ म्हणणारा क्वचितच भेटतो. सिनेमातला सरकारी वकील आठवतो ना? काळा कोट, मोठा आवाज आणि ‘याला कडक शिक्षा झालीच पाहिजे!’ आज त्यांच्या कामाची एक वेगळी बाजू पाहू या.

समजा, नागपुरातला एक पंधरा वर्षांचा मुलगा. सीताबर्डीला दुकानासमोर कुलूप नसलेली सायकल दिसली. ‘काय पाहून राहिला बे? चल ना!’ मित्र म्हणाला. यानं टांग मारली आणि सुटला. संध्याकाळी फुटाळा तलावावर पकडला गेला. आता काय? बेड्या? कोठडी? तुरुंग?

मुळीच नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा आहे, २०१५ चा बाल न्याय अधिनियम. मुलाला बेड्या घालता येत नाहीत, पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. अशा लहान गुन्ह्यात एफआयआरसुद्धा होत नाही. पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद करतात, घरची माहिती लिहून घेतात आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. मंडळात तिघं असतात : एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक. त्या दोघांत एक तरी बाई हवीच.

इथे सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील, कोणाच्या बाजूनं बोलतात? ज्याची सायकल गेली त्याच्या, आणि आपल्या सगळ्यांच्या. तो माणूस कदाचित त्याच सायकलवर पेपर टाकत असेल. त्याचा रोज बुडाला, ते कोणीतरी मंडळाला सांगायलाच हवं. पण ‘मुलगा हरला म्हणजे आपण जिंकलो’ असा हिशेब इथे चालत नाही बरं का! मुलगा पुन्हा चोरी करणार नाही, यातच सगळ्यांची जीत.

म्हणून मग परिविक्षा अधिकारी मुलाची सगळी चौकशी करतात. घरी कोण कोण आहे? शाळा सुटली का? संगत कुणाची? हा अहवाल वाचून मंडळ ठरवतं. चूक सिद्ध झाली तर कधी समज देऊन सोडतात. कधी समुपदेशन, कधी दंड. कधी समाजसेवा : बागेची निगा राखायची, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची, दवाखान्यात मदत करायची. कधी चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी पाठवतात आणि परिविक्षा अधिकारी लक्ष ठेवतात. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी सरकारी वकीलच खटला बाजूला ठेवून मुलाला अशा कामाला लावू शकतात. आपल्याकडे निर्णय मंडळाचा.

ही कल्पना काही आजची नाही. १८४१ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा एक चांभार कोर्टात गेला आणि एका दारुड्याचा जामीन झाला. ‘याला तुरुंगात नको, माझ्या हवाली करा,’ म्हणाला. माणूस सुधारला! पुढे त्यानं अशा शेकडो लोकांना आधार दिला. परिविक्षेची सुरुवात ती. मोठ्यांसाठीही १ जुलै २०२४ पासून भारतात नवी सोय आली : पाच हजारांहून कमी किमतीची चोरी, तीही पहिल्यांदाच, आणि वस्तू परत केली तर शिक्षा म्हणून समाजसेवा.

मग काय, काहीही केलं तरी चालतं? छे! खुनासारखा फार गंभीर गुन्हा असेल, तर सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर तपासणीनंतर मोठ्यांप्रमाणे खटला चालू शकतो.

आपल्या सायकलवाल्या मुलाचं मात्र नाव कुठल्याही पेपरात छापता येत नाही. त्या चुकीमुळे पुढे त्याची नोकरी अडवता येत नाही. कागदपत्रंसुद्धा ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. कायदा विसरतो. पण वर्ग? गल्ली? तुमच्या वर्गात असा मुलगा परत आला, तर त्याला ‘चोर’ म्हणून हाक मारणारे तुम्ही असाल की डब्यातली पोळी पुढे करणारे? एका हाकेनं मंडळाचं सगळं काम पाण्यात जाऊ शकतं.

हवं तर नागपूरच्याच विजय बारसे सरांना आठवा. हिस्लॉप कॉलेजात ते खेळ शिकवत. झोपडपट्टीतल्या मुलांना त्यांनी फुटबॉल दिला. २०२२ चा ‘झुंड’ सिनेमा त्यांच्यावरून निघाला. त्यांना ना कोट लागला, ना कोर्ट!

आणि आई-बाबा, तुमच्यासाठीही दोन शब्द. मुलाची चूक कळली की आधी हात उगारू नका, आणि लपवूही नका. त्याला सोबत घेऊन ती सायकल परत द्यायला जा.

तर मुलांनो, सरकारी वकील व्हायचंय? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यास, मग काही वर्षं वकिली आणि एमपीएससीची परीक्षा. पण त्याआधी एक सराव आजपासूनच करता येईल. मित्राचं भांडण सोडवताना दोघांचं ऐकून घ्यायचं. पूर्ण. मधे न बोलता!