फिट की चक्कर? मशीनआधी माणसाला विचारा

गणपतीत लालबागच्या रांगेत कुणी कोसळलं की निदान जागच्या जागी होतं: 'फिट आली!' मग कांदा, चप्पल, हातात किल्ली. आणि दुसऱ्या दिवसापासून घरचे ईईजी-एमआरआयच्या मागे. रिपोर्ट आला की सगळं कळेल, अशी आपली समजूत.

तसं नसतं, मंडळी. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची साधारण अर्ध्या तासाची नोंद. नेमकी त्याच वेळी गडबड दिसेलच असं नाही. अपस्मार असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. उलट, कधीही फिट न आलेल्या काही जणांच्या लहरींतही दोष दिसतो. एमआरआयमध्ये गाठ, जुनी इजा, फीतकृमीच्या अळीचा डाग सापडतो. पण अपस्मार असूनही तो स्वच्छ येऊ शकतो.

निदानाचा पाया म्हणजे पाहणाऱ्याची साक्ष. उभ्या उभ्या घाम फुटला, चेहरा पांढराफटक पडला, आडवं करताच शुद्ध आली, तर बहुधा साधी चक्कर. तिच्यातही काही सेकंद हातपाय झटकतात! जीभ कडेला चावली, नंतर बराच वेळ भान नव्हतं, तर फिटचा संशय. आणि बेशुद्ध पडलेल्या प्रत्येकाचा ईसीजी हवाच. हृदयाच्या ठोक्यातला बिघाड 'फिट' समजून सोडून दिला, तर जीव जाऊ शकतो.

चुकीचा शिक्का महागात पडतो. वर्षानुवर्षं नको त्या गोळ्या, ड्रायव्हिंग लायसन्सला अडचण, मोडलेली लग्नं. वारंवार येणाऱ्या फिट्स हे लग्न रद्द करून घेण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यात १९९९ पर्यंत होतं. कायद्यातून ते गेलं, स्थळं बघणाऱ्यांच्या डोक्यातून कधी जाणार?

म्हणून पालिकेकडे मागणी साधी आहे. नवी मशीन जरूर आणा. पण केईएम, नायर, सायनच्या ओपीडीत रांगेत बसलेल्या नातेवाइकांना एक पानी मराठी फॉर्म द्या: पडण्याआधी, पडताना, नंतर काय दिसलं? डॉक्टरांच्या हाती वेळ थोडा असतो; तो फॉर्म हाताशी असला तर सत्कारणी लागेल.

आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, कुणाला झटके येत असतील तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ लावा. एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढा, तोही फक्त डॉक्टरांसाठी. स्टेटसला ठेवायला नाही.