सीसीटीव्हीचं कार्ड लवकर भरतंय? आधी सेटिंग बदला
पोलीस ठाण्यांतलं सीसीटीव्ही फुटेज किमान वर्षभर ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी सांगितलं. आपल्या घरचं किती दिवस टिकतं? 2 एमबीपीएसने 24 तास रेकॉर्डिंग म्हणजे रोज साधारण 21 जीबी. 128 जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं, मग जुन्यावर नवं चढतं. वाशीमचं घर दिवाळीत दहा दिवस बंद असेल आणि चोरी पहिल्याच रात्री झाली, तर पुरावा गेलाच!

मी म्हणेन, नवं कार्ड नंतर घ्या. आधी ‘कंटिन्युअस’ऐवजी ‘मोशन’ रेकॉर्डिंग लावा, रस्त्याचा भाग डिटेक्शन झोनमधून वगळा. एच.265 असेल तर तेच निवडा, एच.264पेक्षा जागा बरीच कमी लागते. रिझोल्यूशन मात्र कमी करू नका. चेहराच ओळखू येत नसेल, तर महिनाभराचं फुटेज काय कामाचं?