सरकारी वकील कोणाचा?

भोर तालुक्यातील कामथडीसारख्या गावात एखाद्यास मारहाण झाली आणि खटला उभा राहिला, की फिर्यादी निर्धास्त होतो. आपल्याला वकील सरकारने दिला आहे, असे तो धरून चालतो. पुढे आरोपी सुटला, की त्या वकिलानेच दगा दिला अशी त्याची समजूत होते. या कटुतेचे मूळ एका गैरसमजात आहे. सरकारी वकील हा फिर्यादीचा वकील नव्हे. तो राज्याचा वकील आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. गुन्हा हा समाजाविरुद्ध घडतो, म्हणूनच खटला राज्य चालविते. आरोपीस कसेही करून शिक्षा घडविणे नव्हे, तर पुरावा निःपक्षपातीपणे मांडणे हे सरकारी वकिलाचे कर्तव्य होय. शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या १९९९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. फिर्यादीस स्वतःचा वकील देता येतो. परंतु त्याने सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार वागावयाचे असते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ही व्यवस्था कायम राखली आहे. उद्या त्याच फिर्यादीने संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी सरकारविरुद्ध दाद मागितली, तर सरकारी वकील त्याच्या समोरच्या बाजूस उभा दिसेल.

मग गरिबाने जावे कोठे? घटनेच्या ३९-अ या अनुच्छेदाने त्याचे उत्तर दिले आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या खटल्यात कैद्याचा मोफत वकिलाचा हक्क मान्य झाला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व कोठडीतील बंदी यांना उत्पन्नाची अट न घालता, तर इतरांना ठरावीक उत्पन्नमर्यादेत वकील मिळतो. त्याची फी सरकारी तिजोरीतून जाते, परंतु त्याची निष्ठा पक्षकाराशीच असते. प्रतिपक्षी खुद्द सरकार असले तरीही. पैसा कोणाचा यावर नव्हे, तर वकीलपत्र कोणाचे यावर वकिलाची बांधिलकी ठरते.

कायदा आहे, पण तो गावापर्यंत पोहोचलेला नाही. फिर्याद नोंदवितानाच हा भेद पोलिसांनी समजावून सांगावा, आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता व १५१०० हा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. यास फारसा खर्च नाही. हक्क ठाऊकच नसेल, तर तो असून नसल्यासारखाच.